गोठवण्यास पात्र: खुशालराव

खुशालरावांना वळू तुम्ही केलंत, साहेब. दुसऱ्या कोणी नाही. आता खुर्चीत सरकू नका, आणि 'हे आमच्या शाखेकडे येत नाही' असंही म्हणू नका. शाखा तुमची, शिक्का तुमचा, कागदावरची सहीसुद्धा तुमची. तो कागद सहीआधी वाचणारं मात्र तुमच्या अख्ख्या इमारतीत कोणी नव्हतं. म्हणून काय घडलं ते पहिल्यापासून लिहून देतोय. हे तरी वाचा.

निंभारखेड हे अचलपूरपासून एसटीनं पाऊण तासावरचं गाव. तिथले खुशालराव जातीचे माळी, वय एकाहत्तर, दोन एकरांत वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू. मागच्या हिवाळ्यात वाफ्याला पाणी देताना त्यांना भोवळ आली. लेक रागिणी अकोल्याहून धावत आली आणि बापाला अमरावतीच्या डॉक्टर प्रतीक्षा यांच्याकडे घेऊन गेली. हृदयाची एक झडप खराब झाली आहे, दोन महिन्यांच्या आत बदलायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. खुशालराव म्हणाले, "पाहू." त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना, या 'पाहू'चा अर्थ चाळीस वर्षांपासून माहीत होता. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

महिनाभर ते झडपेचं नावही काढत नव्हते. मग एके दिवशी दुपारी जेवताना त्यांनी मोबाइल ताटाशेजारी उभा केला आणि जाहीर केलं, "माह्या झडपेचं जमलं."

"तारीख घेतली काय?" लीलाबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

"तारीख कायची? ऐक वं. अमेरिकेत मेलेल्या मानसाले गोठवून ठेवते. बम थंड. दोनशे वर्सांनं काढते. तवाचे डॉक्टर लय पुढं गेलेले असन. झडप-बिडप एका गोळीत दुरुस्त करन, आन मानूस उठून बसन."

"उठला काय कोनी आतापर्यंत?"

"आतापर्यंत कसा उठन? दोनशे वर्सं झाले काय? तू बी ना, लीला!"

या हिशेबात चूक कुठं आहे ते लीलाबाईंना सापडेना. त्यांनी दुसरीकडून हात घातला. "दोनशे वर्सांनं उठून कराल काय? मी नसन, रागिणी नसन. चहा कोन देईन तुमाले?"

खुशालराव जरा विचारात पडले. चहाचा मुद्दा त्यांनी धरला नव्हता. "तूबी चाल मंग संग."

"मले नाई येनं बापा. एक जलम पुरे झाला तुमच्यासंग."

लीलाबाई नुसत्या बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याच संध्याकाळी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक लालबुंद टमाटं ठेवलं. वऱ्हाडात त्याला भेदरं म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढलं आणि ऊन लागेल असं ओट्यावर ठेवलं. दुपारपर्यंत भेदरं खाली बसलं, सालीला सुरकुत्या पडल्या आणि पाणी ओट्यावरून ओघळायला लागलं. त्यांनी ते ताटलीत घालून नवऱ्यापुढं सरकवलं.

"हे घ्या. उठवा याले."

खुशालरावांनी बोटानं दाबून पाहिलं. बोट आरपार गेलं. पण त्यांचा विश्वास तेवढ्यानं हलला नाही. "हे बराबर हाये. आत पान्याचा बरफ होते, तो बरफ फुगते, सारं फाटते. व्हिडिओत सांगतलं त्यानं. पन भेदऱ्याचा डॉक्टर अजून जलमला नाई. जलमला की यालेबी उठवन."

आणि अमेरिकेला जायची गरजही नव्हती. गावात जनावरांचा दवाखाना आहे. तिथं एक ॲल्युमिनियमची टाकी असते, दुधाच्या कॅनसारखी, तिच्यात द्रव नायट्रोजन. त्यात चांगल्या जातीच्या वळूंचं बीज बारीक कांड्यांमध्ये गोठवून ठेवलेलं असतं आणि गाय माजावर आली की एक कांडी काढून भरतात. शेजारच्या जयवंताबाईंच्या गाईला पोळ्याच्या आधी कालवड झाली. तिचा बाप मरून सोळा वर्षं झाली होती. गावात याचं कोणाला नवल वाटत नाही. खुशालरावांनाही आजवर वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

ते तडक दवाखान्यात गेले. तिथले पशुधन पर्यवेक्षक देवानंद यांना अख्खं गाव डॉक्टरच म्हणतं.

"देवानंदभाऊ, या टाकीत थंडी किती राहाते?"

"उणे एकशे शहाण्णव."

खुशालरावांनी मोबाइल पाहिला. "बराबर. अमेरिकेतबी एवढीच. मंग माह्यी सोय इथंच करा."

"कायची सोय, काकाजी?"

काकाजींनी सांगितली. देवानंदांनी आधी हसून घेतलं, मग समोरचा माणूस हसत नाही हे पाहून गप्प झाले, आणि मग समजुतीनं बोलले. "काकाजी, थे कांडी असते गव्हाच्या काडीएवढी. आत दोन थेंब माल. त्यात औषध मिसळतो म्हनून त्याचा बरफ होत नाई. म्हनून जगते थे. तुमचं वजन किती?"

"बासष्ट किलो."

"मंग?"

"मोठी टाकी मागवा."

"अख्खं शरीर नाई ना जगत!"

"सांड मरून सोळा वर्सं झाले, त्याचं पोट्टं आता दूध पिऊन राह्यलं. त्याले जमते, मले काहून नाई? तुमी हां म्हनू नका, ना म्हनू नका. यावर फक्त शिक्का मारा."

खुशालरावांनी खिशातून दोन प्रतींत अर्ज काढला. 'माझे मृत्यूनंतर मला आपले दवाखान्यातील नायट्रोजनमध्ये गोठवून जतन करणेबाबत.' देवानंद अडचणीत आले. अर्ज घेतला नाही तर 'अर्ज घेत नाहीत' अशी तक्रार जाते आणि खुलासा मागतात. घेतला आणि वर पाठवला तर तो वरच्यांचा होतो. ही अक्कल देवानंदांना जन्मापासून नव्हती, साहेब. ती तुमच्या हाताखाली आली. त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि अर्ज वर, तुमच्या पशुसंवर्धन शाखेकडं, पाठवला.

आठव्या दिवशी तुमचं उत्तर आलं. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, प्रस्तावासोबत कानातील बिल्ल्याचा क्रमांक, जात व वंशावळ जोडलेली नसल्याने सदर प्रस्ताव त्रुटीत ठेवण्यात येत आहे.' 'माझे मृत्यूनंतर' हे शब्द तुम्ही वाचले नाहीत. 'नायट्रोजन' आणि 'गोठवून' वाचलं आणि हे वळूचं काम दिसतं म्हणून वळूच्या नमुन्यातलं पत्र छापलंत.

खुशालरावांनी ते पत्र जयवंताबाईंच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. लीलाबाई कपाळाला हात लावून बसल्या. "जनावर समजून राह्यले तुमाले थे!"

"समजू दे ना. नाई म्हटलं काय? नाई म्हटलं नाई! त्रुटी काढली. त्रुटी निंघाली म्हंजे अर्धं काम झालं."

"हे खरं हाये," जयवंताबाईंनी साक्ष दिली. "घरकुलाच्या टाइमले माह्या अर्जात चार त्रुट्या काढल्या. चारी भरल्या, घर भेटलं."

आता वऱ्हाडात राहिलेल्या कोणालाही विचारा. नकार आला तर माणूस घरी बसतो. त्रुटी आली तर तो चप्पल घालून निघतो. खुशालराव निघाले.

देवानंद त्या दिवशी वेगळ्याच कारणानं हैराण होते. जनावरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारून त्याची नोंद संगणकात करायची मोहीम होती. पाचशेचं उद्दिष्ट, शेवटचा दिवस, आणि झाले होते चारशे नव्याण्णव. गावात बिल्ल्याविना एकही कान उरला नव्हता. आणि तेवढ्यात दारातून दोन कान स्वतःहून आत आले.

"मारा बिल्ला," खुशालराव म्हणाले.

"काकाजी, माही नोकरी जाईन."

"नाई मारला तं राहीन काय? किती झाले?"

देवानंदांनी यादीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि संगणक उघडला. खुशालरावांच्या उजव्या कानाला बाळीचं जुनं भोक होतं. बिल्ला त्यातून दोऱ्यानं ओवला. टोचायचंही काम पडलं नाही.

"प्रकार?" देवानंद स्वतःशीच वाचत होते. "गाय, बैल, वळू, म्हैस, हेला, शेळी... मानूस तं यात नाई."

"वळू लिवा. अर्जच त्याचा हाये."

"वय एकाहत्तर घेत नाई. लाल होऊन राह्यलं."

"मंग?"

"सात घेते. मागचा एक उडवतो. शिंगं?"

"तुमाले दिसून राह्यले काय?"

"नाईत. जात गावठी."

इथं खुशालराव उठून उभे राहिले. "गावठी काहून? गवळाऊ लिवा! आमचे आजे कौंडण्यपूरकडले, वर्धेच्या काठचे. गवळाऊ तिकडचीच!"

"वंशावळ नाई तुमच्यापाशी. गावठीच राहीन. मालकाचं नाव?"

"मीच."

"जनावर आन मालक एक कसे राह्यतीन? कोठा कोनाच्या नावानं हाये?"

कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, महिलांच्या योजनेतून बांधलेला होता. तो लीलाबाईंच्या नावावर होता. मालक म्हणून तेच नाव चढलं, आणि बिल्ल्याचा क्रमांक जोडून अर्ज पुन्हा तुमच्याकडं गेला.

लीलाबाई परतवाड्याच्या बाजारात सांबाराच्या जुड्या लावून बसल्या होत्या, तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. संदेश त्यांनी गिऱ्हाईकाकडून वाचून घेतला. आपल्या पशूची नोंद यशस्वी झाली आहे. वळू, गावठी, वय सात, शिंगे नाहीत, मालक लीलाबाई. आपल्याकडं एक म्हैस आहे, वळू कुठून आला, हे कोडं घेऊन त्या घरी पोचल्या. ओसरीवर नवरा कानात पिवळा बिल्ला अडकवून सुपारी कातरत बसला होता. त्यांनी मोबाइलकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"चाळीस वर्सांत पयल्यांदा सरकारनं बराबर लिवलं," त्या म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या.

पुढचे दिवस खुशालरावांनी मानानं काढले. बिल्ला काढायला ते तयार नव्हते. नंबर हरवला तर पुन्हा त्रुटी. अचलपूरच्या बसमध्ये त्यांनी ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट मागितलं. वाहकानं कानाकडं पाहून सांगितलं, "काकाजी, तुमचं तिकीट नाई, लगेज लागन." लीलाबाईंच्या मोबाइलवर लाळ्या-खुरकुताच्या लशीची आठवण तीनदा आली. जयवंताबाई रोज सकाळी ओरडून विचारत, "लीलाबाई, वळूनं सरकीची ढेप खाल्ली काय?" आणि आतून खुशालरावच उत्तर देत, "खाल्ली!"

हसण्याचा सगळा वाटा गावानं घेतला. लीलाबाईंच्या वाट्याला दिवस मोजणं आलं. दोन महिन्यांतले पंधरा दिवस उरले होते. नवरा आता चार पायऱ्या चढला की कठड्याला धरून थांबत होता आणि 'झाडावर पाखरू पाहून राह्यलो' म्हणून सांगत होता. अंगणात झाड नव्हतं. रागिणीचा अकोल्याहून रोज फोन येई. "आई, बाबानं काय ठरवलं?" आणि रोज लीलाबाई 'पाहू' म्हणत.

आणि मग तुमचं दुसरं पत्र आलं. 'सदर वळू निरोगी असल्याबाबत हृदय व फुफ्फुस तपासणीचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा. आजारी वा अशक्त जनावर गोठवण्यास अपात्र राहील, याची नोंद घ्यावी.'

खुशालराव वाचता वाचता हळू झाले. शेवटची ओळ त्यांनी मनातल्या मनात वाचली आणि कागदाची घडी घालायला लागले.

"थांबा," लीलाबाई म्हणाल्या. "शेवटचं पुन्हा वाचा. मोठ्यानं."

"आजारी वा अशक्त जनावर... अपात्र."

"म्हंजे काय?"

"म्हंजे... चांगलं असलं तं ठेवतो म्हनते. बिमार असलं तं नाई."

"मंग पयले झडप बदला. मंग गोठा किती गोठायचं थे."

"लीला, मी काय जनावर हावो काय?"

"कानात पाहा. मालक कोन हाये? मी हावो. सरकारचा मेसेज हाये माह्यापाशी. मंगळवारी अमरावतीले चालाचं."

खुशालरावांनी मान खाली घातली. सुपारीचं खांड अडकित्त्यात तसंच राहिलं. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा लहान झाला. "छाती उघडते, लीला. काळीज बंद करते म्हने त्या मॅडम. साफ बंद. दीड तास. आन पुन्हा सुरू नाई झालं तं?"

लीलाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी अडकित्ता हातातून काढून घेतला.

"दोनशे वर्सं बंद राह्यलेलं सुरू होईन म्हनून अमेरिकेपर्यंत पोचले तुमी. आन दीड तास बंद राह्यलेलं सुरू होनार नाई?"

या हिशेबात चूक कुठं आहे ते खुशालरावांना सापडेना.

मंगळवारी भरती झाले. शस्त्रक्रियेच्या दारात सिस्टरनं बिल्ला काढायला सांगितला. "नंबर लिहून घ्या पयले," त्यांनी बजावलं. सिस्टरनं बारा आकडे तळहातावर लिहून दाखवले, तेव्हा कुठं दोरा कापू दिला. लीलाबाई आणि रागिणी बाहेरच्या बाकावर साडेपाच तास बसल्या. रागिणीनं आणलेला चहा लीलाबाईंच्या हातात गार झाला. त्यांनी तो प्यायला नाही, टाकलाही नाही, रागिणीला परत घेऊ दिला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर प्रतीक्षा खाटेजवळ आल्या, तेव्हा खुशालराव उशीला टेकून बसले होते. आवाज बारीक होता, पण चौकशी पक्की होती.

"मॅडम, बंद केलं होतं?"

"एक तास वीस मिनिटं."

"कसं बंद करता? बटन थोडीच हाये त्याले."

"थंडीनं, काका. बर्फासारखं गार औषध हृदयात सोडतो. वरून बर्फ घालतो. हृदय गार पडतं आणि थांबतं. तोवर रक्त फिरवायचं काम मशीन करतं. झडप बसवली की ऊब द्यायची. तुमचं तर शॉकही न देता सुरू झालं."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला; त्यांना पुढचं दिसायला लागलं होतं.

"म्हंजे," खुशालराव एकेक शब्द ठेवत म्हणाले, "मले गोठवलं. बंद पाडलं. दुरुस्त केलं. आन पुन्हा उठवलं."

"गोठवलं नाही, गार केलं. आणि तुम्ही मेला नव्हता."

"थे तुमी तुमच्यापाशी ठेवा. पूर्न मानूस उठवता येईन काय कधी?"

डॉक्टर हसल्या, पण त्यांनी प्रश्न टाळला नाही. "आज नाही येत. पुढं येईल की नाही, ते मला माहीत नाही आणि जो छातीठोक सांगतो त्यालाही माहीत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं, की काळीज तासभर बंद ठेवून पुन्हा चालू करतो, तर लोकांनी त्याला दोरानं बांधलं असतं."

"लिहून द्या," खुशालराव म्हणाले.

डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहून दिलं. हृदय गार करून थांबवले, एक तास वीस मिनिटे, पुन्हा सुरू. गावात पोचल्यावर खुशालरावांनी तो कागद जो येईल त्याला दाखवला. "अमेरिकेतले अजून झोपून हायेत. मी उठलो!" जयवंताबाईंनी नारळ फोडला.

महिन्याभरानं टाके भरून आले. लस बाकी असल्याचे संदेश चालूच होते, म्हणून लीलाबाई नोंद बंद करायला नवऱ्याला घेऊन देवानंदांकडे गेल्या. देवानंदांनी संगणक उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"नोंद बंद कराले कारन लागते, काकी. तीनच हायेत. जनावर मेलं, जनावर विकलं, जनावर चोरीले गेलं. कोनतं दाबू?"

"मेलं नका दाबू," लीलाबाई इतक्या घाईनं म्हणाल्या, की दोघांनी वळून पाहिलं.

"मंग विकलं?"

"विकाचाच असता तं झडपेच्या आंधी विकला असता. आता कोन विकते?"

खुशालरावांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि तिथंच अर्ज लिहिला. मी मेलो नाही, विकलो गेलो नाही, चोरीस गेलो नाही. मी थंड होऊन पुन्हा सुरू झालो आहे. तरी माझे नाव जनावरांतून काढून मी जिवंत माणूस आहे अशी नोंद घ्यावी. सोबत डॉक्टरांचा कागद जोडला. बिल्ला क्रमांकाच्या जागी त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. देवानंदांनी शिक्का मारला आणि अर्ज तुमच्याकडं पाठवला.

त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले, साहेब. वळू होता तोवर तुम्ही आठव्या दिवशी लिहीत होता. आता माणूस लिहितोय, तर 'होय' नाही, 'नाही' नाही, साधी त्रुटीसुद्धा नाही. खुशालराव रोज अकरा वाजता पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभे राहतात, नवी झडप घेऊन, न थांबता, न कठडा धरता. गोठवलेला माणूस उठला. आता तुमच्या टेबलावरचा कागद कधी उठणार? उत्तर द्या.